पांढरा, पण कोणत्या झाकेचा?

दसरा-दिवाळी तोंडावर आली की शहरांतील रंगांच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती एव्हाना सुकलेल्या असतात, चांगला रंगारी मिळणे दुरापास्त झालेले असते आणि जेवणाच्या टेबलावर शेड कार्डे पसरून घराघरांत खल चाललेला असतो. या खलाचा शेवट बहुतेक वेळा एकाच निर्णयाने होतो. भडक काही नको, आपला ऑफ व्हाइट बरा. फार तर बेज किंवा हलका ग्रे. या रंगांत चुकण्यासारखे काही नाही, अशी सर्वांचीच समजूत असते.

प्रत्यक्षात सर्वाधिक फसगत होते ती याच रंगांत. दोन हात मारून होतात, रंग सुकतो, सामान जागेवर येते आणि मग लक्षात येते, की कार्डावर मोतिया दिसणारा रंग भिंतीवर चक्क गुलाबी दिसतो आहे. शांत करडा म्हणून निवडलेली शेड शयनगृहात आकाशी झाली आहे. रंगारी म्हणतो, नंबर तुम्ही दिला तोच आहे. दुकानदार डब्यावरची चिठ्ठी दाखवतो. दोघेही खरेच बोलत असतात. यंत्रावर मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही आणि पुन्हा रंगकाम काढायचे तर मजुरीसह सगळा खर्च दुसऱ्यांदा. साहजिकच बहुतेक कुटुंबे पुढची पाच-सात वर्षे त्या गुलाबी भिंतींबरोबर काढतात. लिंबोणी किंवा मोरपंखी रंग निवडणाऱ्याला निदान आपण काय निवडले हे ठाऊक असते. तटस्थ रंग निवडणाऱ्याला अनेकदा तेही ठाऊक नसते.

इंटिरिअर डिझायनर मंडळी ज्याला 'अंडरटोन' म्हणतात, त्यासाठी मराठीत 'झाक' हा नेमका शब्द आहे. प्रथमदर्शनी दिसतो तो मुख्य रंग आणि त्याच्या आडून डोकावते ती झाक. मराठी माणसाला ही कल्पना नवीन नाही. आपली भाषा रंगाला प्रत्यय जोडून झाक सांगते : पिवळसर, निळसर, हिरवट, काळपट, तांबूस, पांढुरका. मोतिया, हस्तिदंती, बदामी, दुधी, राखाडी ही सारी नावे म्हणजे झाकेसह सांगितलेले तटस्थ रंगच होत. हस्तिदंती म्हटले की त्यात पिवळसरपणा आलाच. बाजारात जाताना मात्र आपण हा शब्दसंग्रह घरी ठेवून जातो आणि कार्डावरच्या धुके, पहाट, वाळू, मोती अशा अर्थाच्या काव्यमय इंग्रजी नावांवर विसंबतो. ही नावे जाहिरातीच्या सोयीची असतात. भिंतीवर काय दिसेल, हे त्यांतून कळत नाही.

रंगांचे वर्गीकरण करताना अमेरिकी चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मुन्सेल यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात रंगाचे तीन गुण वेगळे काढले. रंग कोणत्या कुळातला, तो किती उजळ आणि तो किती तीव्र. घरातल्या तथाकथित न्यूट्रल रंगांत ही तीव्रता अत्यल्प असते, पण ती शून्य नसते. प्रत्येक ऑफ व्हाइट कोणत्या ना कोणत्या कुळातला असतोच. त्याचे कूळ आधी ओळखायचे, एवढाच या साऱ्या प्रकरणाचा मथितार्थ.

डब्यात काय असते

चुन्याच्या भिंतींचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चुना कालवताना त्यात टाकली जाणारी नीळ आठवत असेल. नुसत्या चुन्यातला पिवळटपणा नीळ झाकून टाकते आणि भिंत अधिक शुभ्र भासते. पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्यामागेही हेच कारण. वास्तविक नीळ घातल्याने भिंतीवरून परत येणारा प्रकाश किंचित कमीच होतो. परंतु निळसर पांढरा आपल्या डोळ्यांना पिवळसर पांढऱ्याहून स्वच्छ वाटतो. भिंतीला थोडी ऊब हवी असेल, तर त्याच चुन्यात पिवडी मिसळत. झाक देण्याची ही विद्या चुना देणाऱ्याच्या हातात होती. तिला विद्या असे कोणी म्हणत नव्हते, इतकेच.

आजच्या इमल्शन रंगांत पांढरेपणाचे काम टायटॅनियम डायऑक्साइड करते. दुकानातील यंत्र या पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, काळा आणि गरजेप्रमाणे निळा, हिरवा वगैरे रंगद्रव्ये थेंबाथेंबाने सोडते. फिकट शेडसाठी लागणारे हे द्रव्य लिटरमागे अवघे काही मिलिलिटर, कधी त्याहूनही कमी असते. भिंतीवर पुढे जे गुलाबी किंवा हिरवट दिसते, ते या थेंबांतूनच आलेले असते.

यात दोन गोष्टी सर्वसाधारण ग्राहकाला अनपेक्षित वाटतील. पहिली, काजळीपासून बनवलेला काळा रंग पांढऱ्यात मिसळला, तर तयार होणारा करडा निळसर दिसतो. त्यात निळ्याचा थेंबही घालावा लागत नाही. 'साधा ग्रे' म्हणून मागितलेला रंग आकाशी का वाटतो, याचे एक उत्तर इथे आहे. दुसरी, पिवळ्यात काळा मिसळला की तो मळका पिवळा होत नाही, हिरवट होतो. चित्रकलेचा पेपर दिलेल्या कोणालाही हे आठवेल. बेज रंग मुख्यतः पिवळा ऑक्साइड आणि काळा यांच्या मिश्रणातून येतो. त्याचा हिरवटपणा मोडण्यासाठी तांबडा घालावा लागतो आणि तांबडा थोडा जास्त झाला की बेज गुलाबी होतो. पिवळसर, गुलाबी आणि हिरवट या बेजच्या तीन जाती अशा तयार होतात. करड्याच्या जाती निळसर, हिरवट, जांभळट आणि मातकट. पांढरा यांपैकी कोणत्याही दिशेला झुकू शकतो.

शेजाऱ्याचा गुण

डब्यातील झाक मोजता येते. ती डोळ्यांना दिसेल की नाही, हे मात्र शेजारी काय आहे यावर ठरते. याचा छडा लावला तो मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसमधील गोबेलँ या विख्यात विणकामशाळेत ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार तेथे होती. शेव्हरल यांनी तो धागा अन्य ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. धाग्याच्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळ्यावर विरोधी रंगाची झाक चढलेली दिसत होती. शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतात, हा सिद्धांत त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

आपल्या दिवाणखान्यात हे रोज घडत असते. भिंत फिकट क्रीम आणि छत मात्र तयार डब्यातले झगझगीत पांढरे असेल, तर त्या छताशेजारी भिंत नको इतकी पिवळी दिसते. छत त्याच शेडच्या निम्म्या मात्रेत दिले, तर तीच भिंत पुन्हा सौम्य होते. एअर कंडिशनरची पांढरी पेटी, पांढऱ्या चौकटीच्या सरकत्या खिडक्या, स्विच बोर्ड या सर्वांचा पांढरा निळसर असतो आणि क्रीम भिंतीवर तो ठळक उठतो. कार्डावरच्या बोटभर चौकोनाला पांढऱ्या कागदाची किनार असते; घरातल्या भिंतीला तशी किनार नसते. मेंदू भोवतालचा प्रकाश वजा करून रंग 'ठरवतो', हे एव्हाना सर्वज्ञात आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याच्या छायाचित्रावरून जगभर वाद माजला होता. कोणाला तो निळा-काळा दिसे, कोणाला पांढरा-सोनेरी. छायाचित्र एकच होते. प्रकाशाविषयीचा प्रत्येकाच्या मेंदूचा अंदाज वेगळा होता.

घरातल्या वादांना वयाचेही एक कारण असते. वयोमानानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन आलेली ज्येष्ठ मंडळी 'भिंती पुन्हा रंगवल्या का' असे विचारतात, तेव्हा ती थट्टा नसते. जुने भिंग गेल्यामुळे पांढरे त्यांना खरोखरच निळसर, स्वच्छ दिसू लागलेले असते. आजी आणि नात एकाच शेडविषयी भांडत असतील, तर दोघींपैकी एकीला रंगातले कळत नाही असे समजण्याचे कारण नाही.

आधी फरशी, मग भिंत

रंग निवडण्याची रूढ पद्धत अशी, की कार्ड उघडायचे आणि आवडेल त्यावर बोट ठेवायचे. क्रम नेमका उलटा हवा. घरात जे बदलणार नाही, ते आधी पाहिले पाहिजे आणि ते सहसा पायाखाली असते.

जुन्या घरांतून शहाबादी फरशी किंवा मोझॅक आढळते. शहाबादी शीतल करड्या रंगाची. कोटा फरशीचा करडा मात्र स्पष्टपणे हिरवट असतो. ती घासून, पॉलिश करून घेतली की हा हिरवटपणा अधिकच उठून दिसतो. कोटा असलेल्या खोलीत गुलाबी झाकेचा बेज दिला, तर फरशी अधिक हिरवी आणि भिंत अधिक गुलाबी दिसू लागते. शेव्हरलचा नियम इथे अगदी निर्दयपणे लागू होतो. त्याच खोलीत हिरवट किंवा पिवळसर झाकेचा ऑफ व्हाइट दिला की दोन्ही गोष्टी गुण्यागोविंदाने नांदतात. नव्या इमारतींत बिल्डर बहुधा आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स देतो. 'आयव्हरी' हे नाव एकच, पण एकीत पिवळी झाक, दुसरीत गुलाबी. टाइलचा उरलेला तुकडा घरात असेल, तर तो दुकानात घेऊन जाणे हा शेड निवडण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. इटालियन म्हणून मिळणारे बेज संगमरवर उबदार झाकेचे असतात. त्यांच्या सोबतीला निळसर करड्या भिंती आल्या, की महागडी फरशी मळकी वाटू लागते आणि दोष फरशीच्या माथी जातो.

स्वयंपाकघरात ओटा निर्णायक ठरतो. काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट भिंतीच्या झाकेत फारशी ढवळाढवळ करीत नाही. तांबूस किंवा तपकिरी ग्रॅनाइट मात्र करते. तिथे निळसर पांढरा टाळावा हे उत्तम. शिवाय फोडणीच्या धुराने आणि वाफेने इथल्या भिंती कालांतराने पिवळट होणारच. आरंभीच किंचित पिवळसर झाक असेल, तर हा बदल सहज पचून जातो.

मग लाकूड. सागवानाला सोनेरी-पिवळी झाक असते आणि पॉलिशखाली ती अधिक गडद होते. सागवानी दारे, झोपाळा, आजोबांच्या काळचे कपाट यांच्यामागे फिकट निळसर करडा दिला तर लाकूड नारिंगी भासते. काहींना तो विरोध आवडतो आणि तो जाणूनबुजून साधला असेल तर छानही दिसतो. अपघाताने झाला तर मात्र खटकतो. कपाटांना लावलेल्या पांढऱ्या सनमायकाची झाकही एकदा तपासून घ्यावी. तो बहुधा थंड पांढरा असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दारे-खिडक्यांना दिला जाणारा नेहमीचा पांढरा ऑइलपेंट काही वर्षांत पिवळा पडतो. उजेड कमी असलेल्या बोळात, कपाटाच्या आतल्या बाजूला तो अधिक पिवळा पडतो. भिंतीवरचे इमल्शन तसे पडत नाही. पहिल्या दिवशी जुळलेले दोन पांढरे तिसऱ्या-चौथ्या वर्षी विजोड दिसू लागतात ते यामुळे. पाण्यात मिसळणारे इनॅमल आता मिळते आणि ते या बाबतीत बरेच टिकाऊ आहे. किंमत अधिक असली तरी पांढऱ्या दारांचा हट्ट असेल तर तेच घ्यावे.

खिडकीबाहेरचा रंग

रंगसंगतीवरच्या परदेशी पुस्तकांत आणि मासिकांत एक ठरलेला सल्ला असतो : उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीतला प्रकाश थंड, निळसर असतो, म्हणून तिथे उबदार झाक द्यावी. युरोपच्या अक्षांशावर हे रास्त आहे. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू पडत नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर तो माध्यान्हीही डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीत सकाळी लवकर आणि सायंकाळी तिरपे, पिवळे ऊन डोकावते. हिवाळ्यात तिथे थेट ऊन नसते आणि दक्षिणेच्या खोलीत ते आतपर्यंत पसरते. एकाच खोलीची झाक मे महिन्यात एक आणि डिसेंबरात दुसरी दिसते, ती अशी.

त्यातून आपले चार महिने पावसाचे. भरलेल्या आभाळाचा प्रकाश निळसर आणि विसविशीत असतो. सप्टेंबरअखेरच्या लख्ख उन्हात निवडलेला निळसर करडा जुलैत उदासवाणा वाटू लागतो. वर्षाचा तिसरा हिस्सा ज्या प्रकाशात काढायचा आहे, त्या प्रकाशात शेड पाहण्याची सवय आपल्याला नाही, कारण पावसाळ्यात रंगकाम होत नाही. तरीही ऑगस्टच्या ढगाळ दुपारी नमुने पाहून ठेवायला कोणाची हरकत असणार?

महानगरांत मात्र दिशेपेक्षाही समोरची इमारत महत्त्वाची ठरते. दोन विंगांमधील अंतर कमी असेल, तर खोलीत येणारा बहुतांश प्रकाश आकाशातून नव्हे, समोरच्या भिंतीवरून येतो आणि तिचा रंग घेऊन येतो. समोर विटकरी रंगाची इमारत असेल तर आपला पांढरा तांबूस होतो. खिडकीला लागून गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष असेल तर हिरवट. पानगळीत तोच रंग पुन्हा बदलतो. जूनमध्ये समोरच्या गच्चीवर आणि गॅलऱ्यांवर निळी ताडपत्री चढते, त्या दिवसापासून ऑक्टोबरपर्यंत अनेक मुंबईकरांच्या दिवाणखान्यात निळा प्रकाश मुक्कामाला असतो. खिडकीला टिंटेड काच असेल तर तिचीही भर. साध्या काचेतही लोहाच्या अंशामुळे किंचित हिरवेपणा असतोच. काचेच्या कडेकडून पाहिल्यास तो दिसतो.

तळमजल्यावरच्या किंवा डक्टकडे तोंड असलेल्या अंधाऱ्या खोलीला 'उजेड यावा म्हणून' पांढराशुभ्र रंग देण्याची पद्धत आहे. पांढरा रंग आलेला प्रकाश परत फेकतो, नवा निर्माण करीत नाही. प्रकाशच तोकडा असेल तर शुभ्र पांढरा तिथे करडा, मळकट दिसतो. अशा खोलीला स्पष्ट उबदार झाकेचा, थोडा भरीव रंग अधिक शोभतो, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. अर्थात दिवसाही दिवा लावून बसण्याची तयारी असेल तर प्रश्न वेगळा.

दिव्याखाली

नोकरदार कुटुंब आपले घर पाहते ते मुख्यतः रात्री. तरीही शेड निवडताना दिव्याचा विचार शेवटी होतो. पूर्वी पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूबलाइट असे दोनच पर्याय होते. आता एलईडीच्या खोक्यावर प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० मधला आणि ६५०० म्हणजे 'कूल डे लाइट', निळसर पांढरा. आकडा जितका मोठा तितका प्रकाश थंड, ही या मोजमापाची गंमत लक्षात ठेवावी लागते.

६५०० च्या दिव्याखाली निळसर करडा अधिक निळा आणि क्रीम फिकट होतो. २७०० च्या दिव्याखाली क्रीम लोण्यासारखा पिवळा होतो आणि निळसर करड्यातला निळा जवळपास नाहीसा होतो. फॉल्स सीलिंगमध्ये दोन्ही प्रकारचे दिवे बसवून घेणाऱ्या घरांत एकाच बटणाने भिंतीचा रंग बदलतो. दिव्याची खरेदी रंगाच्या आधी व्हावी, ती यासाठी. खोक्यावर सीआरआय हा आणखी एक आकडा असतो. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत तो दिवा रंग किती इमानाने दाखवतो, याचे ते मोजमाप, कमाल १००. सर्वसाधारण दिवे ८० च्या आसपास असतात. ९० किंवा अधिकचा दिवा मिळाला तर घ्यावा, विशेषतः गुलाबी-बदामी झाकेच्या भिंतींसाठी, कारण स्वस्त एलईडी तांबड्या रंगात कमी पडतात.

पडदे आणि भिंत दुकानाच्या दिव्याखाली तंतोतंत जुळले आणि घरी विजोड दिसले, असेही होते. दोहोंतली रंगद्रव्ये वेगळी असतात. एका प्रकाशात ती सारखी दिसतात, दुसऱ्यात नाही. कापडाचा तुकडा दुकानाच्या दाराबाहेर, उघड्यावर नेऊन पाहण्याची आपल्या आयांची सवय या दृष्टीने शास्त्रशुद्ध होती.

कार्डावरून भिंतीवर

मग शेड निवडायची कशी? एकट्या चौकोनाकडे टक लावून काहीच कळत नाही. पसंतीचे तीन-चार ऑफ व्हाइट शेजारी-शेजारी धरले की एक गुलाबी, एक हिरवट, एक पिवळा, असे ते आपणहून वेगळे होतात. कार्डाच्या पट्टीवरील सर्वांत गडद शेडकडेही पाहावे. फिकट शेड बहुधा तिच्याच कुळातली असते आणि गडद शेडमध्ये कूळ लपत नाही. पांढऱ्या ए-फोर कागदाशी तुलना करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो उपयोगी आहे, पण जपून. या कागदात चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात आणि दिवसाच्या प्रकाशात ती निळसर उजळतात. त्याच्याशेजारी जगातला कोणताही रंग पिवळाच दिसेल. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर तर मुळीच विसंबू नये. तिथली सुंदर करडी घरे बहुतांशी वेगळ्या देशातल्या, वेगळ्या प्रकाशातल्या छायाचित्रांत असतात.

यानंतर रंगाचा सर्वांत छोटा डबा आणून साधारण २ बाय २ फुटांच्या हार्डबोर्डवर प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत. जुन्या भिंतीवरच पट्टे ओढून पाहण्यात अडचण अशी, की जुना रंग शेजारी राहतो आणि नव्याची झाक बिघडवतो. बोर्ड उभाच धरावा, कारण आडव्या आणि उभ्या पृष्ठभागावर प्रकाश वेगळा पडतो. तो फरशीला टेकवून पाहावा, कपाटाशेजारी, पडद्याशेजारी, खिडकीच्या समोरच्या आणि खिडकीच्याच भिंतीवर पाहावा. सकाळी आठ, दुपारी एक, सायंकाळी पाच आणि दिवे लागल्यावर, असे किमान दोन दिवस. निर्णय ओल्या रंगावरून घेऊ नये. इमल्शन सुकल्यावर किंचित गडद होते. चुन्याचे उलट, तो ओला असताना अंधूक आणि सुकल्यावर शुभ्र.

दोन बोर्ड रंगवता आले तर ते काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारखे उभे करून पाहावेत. कोपऱ्यात प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर आणि पुन्हा पहिलीवर उसळतो आणि प्रत्येक उसळीला रंगाचा थोडा अंश उचलतो. चार भिंतींच्या खोलीत हेच सर्वत्र घडत असल्याने झाक कार्डापेक्षा भिंतीवर नेहमीच दाट दिसते. कार्डावर जेमतेम जाणवणारा गुलाबी खोलीभर झाल्यावर अंगावर येतो, तो यामुळे. शंका असल्यास एक पायरी फिकी शेड घ्यावी किंवा त्याच शेडची निम्मी मात्रा मिसळून मागावी. यंत्रावर हे सहज होते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

रंग एकाच वेळी, एका खोलीला पुरेल इतका घ्यावा. वेगवेगळ्या दिवशी मिसळलेल्या डब्यांत थेंबाचा फरक पडू शकतो आणि फिकट शेडमध्ये थेंबाचा फरकही दिसतो. डबे दोन-तीन असतील तर रंगाऱ्याला ते आधी मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगावे. काम संपल्यावर डब्याच्या झाकणावरची चिठ्ठी काढून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. तिच्यावर शेडचा नंबर, रंगाचा प्रकार आणि बेस हे तिन्ही असतात. नुसता नंबर पुरत नाही, कारण तोच नंबर दुसऱ्या प्रकारच्या रंगात मिसळला तर झाक बदलू शकते. उरलेला वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला, तर पुढल्या वर्षी खिळ्याचे भोक बुजवताना तो उपयोगी पडतो.